खाण शेजारी आली, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वणी, भद्रावती, राजुरा, घुग्घुस, उमरेड, तुमसर या विदर्भातल्या खाणपट्ट्यातून फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. मलाही तेच ते सांगून कंटाळा आला, खरं सांगायचं तर. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त क्रमांक सांगितला आहे.

वाचण्याआधी एकच काम करा. दोनशे पानी वही आणा आणि पहिल्या पानावर गट नंबर लिहा. ती कशाला लागते, ते खाली ठिकठिकाणी येईलच.

१. गावाच्या एका बाजूला मुरमाची खदान, दुसऱ्या बाजूला कोळशाची. तक्रार एकाच ठिकाणी करायची का?

नाही, आणि निम्मे अर्ज इथेच वाया जातात. मुरूम, गिट्टी, रेती हे गौण खनिज. ते राज्याच्या अखत्यारीत येतं, म्हणून तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी. कोळसा, मँगनीज, लोहखनिज, चुनखडी यांचा कारभार केंद्राच्या १९५७च्या खनिज कायद्याने चालतो. धूळ आणि सांडपाणी कोणत्याही खाणीचं असो, दार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. स्फोट आणि कामगारांची सुरक्षितता हे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं काम. त्याचं मुख्यालय धनबादला, पण नागपुरातही कार्यालय आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्या जात नसतील, तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं नागपूरचं विभागीय कार्यालय.

अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. “ठेवून जा, साहेब आले की देतो” हे वाक्य ऐकलं की समजायचं, अर्ज गेला.

२. वावर खाणीत जाणार असं पानठेल्यावर ऐकतो. खरं आहे का, हे कळायचं कसं?

वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोल इंडियाची उपकंपनी) सारख्या सरकारी कंपनीसाठी कोळशाची जमीन बहुतेक वेळा १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतली जाते. त्याचे टप्पे राजपत्रात छापले जातात. कलम ४ म्हणजे इथे कोळसा शोधायचा आहे. कलम ७ म्हणजे जमीन घ्यायचा इरादा आहे. कलम ९ म्हणजे घेतली. पटवाऱ्याकडे जाऊन आपला गट नंबर कोणत्या अधिसूचनेत आहे का ते विचारा, आणि अधिसूचनेची प्रत मागा. पानठेल्यावर कलम ४ आणि कलम ९ यांत कुणी फरक करत नाही. दलालांचं फावतं ते तिथेच. ‘आता गेलीच समज’ म्हणत ते कलम ४वरच जमीन स्वस्तात उचलतात.

३. हरकत घ्यायला किती दिवस मिळतात?

कलम ७ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवस. हे दिवस तुमच्या हातात कागद पडला तिथून मोजायचे नाहीत, अधिसूचना निघाली तिथून मोजायचे. सोयाबीन काढणीच्या घाईत हे ३० दिवस निघून गेलेली घरं मला माहीत आहेत. हरकतीत “आमचा विरोध आहे” एवढंच लिहून थांबू नका. या गटात विहीर आहे, ओलित आहे, स्मशानभूमी आहे, पांदण रस्ता बंद होतो, असं नेमकं लिहा आणि सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे हेही लिहा. दर किती मिळावा हा वाद इथला नाही. तो पुढे मोबदल्याच्या वेळी निघतो.

४. कलम ४ लागून बरीच वर्षं झाली, पुढे काहीच नाही. जमीन अडकली का?

कलम ४नंतर दोन वर्षांत, आणि मुदत वाढवून दिली असेल तर आणखी एका वर्षात, कलम ७ निघायला हवं. निघालं नाही तर त्या अधिसूचनेचा जोर संपतो. मात्र नवी अधिसूचना काढायला सरकार मोकळं असतं. माहिती अधिकारात एवढंच विचारा: अमुक गटाबाबत कलम ७ निघालं का, तारीख सांगा. वेकोलि केंद्र सरकारची कंपनी आहे, त्यामुळे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा, राज्याचा कोर्ट फी स्टॅम्प नको. उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

५. मोबदला किती? आणि दोन एकरांना एक नोकरी खरंच मिळते का?

जमीन कोळसाधारक कायद्याने घेतली तरी २०१५पासून मोबदला आणि पुनर्वसन २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या अनुसूचींप्रमाणे द्यावं लागतं. बाजारभाव, त्याला ग्रामीण भागासाठी १ ते २ या दरम्यानचा गुणांक, आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. झाडं, विहीर, गोठा, पाइपलाइन यांची किंमत वेगळी लावली जाते. मोजणीला माणसं आली की वही घेऊन सोबत फिरा, कारण आंब्याचं झाड यादीत ‘इतर’ म्हणून चढलं तर नंतर ते आंबा होत नाही.

नोकरीचं म्हणाल तर कोल इंडियाच्या २०१२च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. दोन एकरांपेक्षा कमी असणारे एकत्र येऊन दोन एकर करू शकतात. मग एकाला नोकरी आणि बाकीच्यांना त्याच्याकडून काय, हा व्यवहार घरातल्या घरात होतो. भांडणं तिथूनच निघतात. सख्खा भाऊ असला तरी लेखी करा. सख्खा भाऊ असेल तर आधी करा. नोकरी नको असेल तर धोरणात एकरी ५ लाख रुपयांचा पर्याय आहे.

खासगी कंपनीच्या खाणीला हे नोकरीचं धोरण लागू नाही. तिथे कायद्यातल्या पुनर्वसनावर आणि लेखी करारावर बोला.

६. जनसुनावणीला जाऊन काय फायदा? सगळं आधीच ठरलेलं असतं.

ठरलेलं असतं, हे बऱ्याच अंशी खरं आहे. तरीही जा. खाणीचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं एकाच सरकारी कागदावर येण्याची ती एकमेव वेळ असते.

पर्यावरण मंजुरीबाबतच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला, अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी असतो. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात सूचना द्यावी लागते. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत तो बघायला ठेवतात. कामकाजाचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. नेमकी ही वेळ येते तेव्हा मंडपात माणसं उरलेली नसतात, जेवणाच्या रांगेत असतात. तुमचा मुद्दा इतिवृत्तात कसा लिहिलाय ते ऐका, चुकीचा असेल तर तिथल्या तिथे उठून सांगा.

गणपूर्तीची अट नाही. दोन माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं, म्हणून बहिष्कार घालताना विचार करा. बहिष्कार घालायचाच असेल तर लेखी निवेदन पाठवून घाला. लेखी म्हणणं सुनावणीत बोलण्याइतकंच मोजलं जातं.

बोलायचं काय? मराठी सारांश आधी वाचा आणि त्यातली चूक पकडा. एका सारांशात ज्या नाल्याला ‘हंगामी ओढा’ म्हटलं होतं, त्यावर आमच्याकडची गुरं मे महिन्यात पाणी पितात. एका गुराख्याने दोन वाक्यांत ते सांगितलं. घोषणा देणाऱ्या तीस जणांपेक्षा ती दोन वाक्यं इतिवृत्तात नीट उतरली.

७. आमच्या शेजारच्या खाणीचा विस्तार झाला, सुनावणी झालीच नाही. हे बेकायदा आहे का?

दरवेळी नाही. त्याच खाणपट्ट्याच्या (खाणीसाठी करारावर दिलेल्या जागेच्या) हद्दीत ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पादन वाढवताना अटींवर सुनावणीतून सूट दिली जाते. पण मंजुरी तर निघावीच लागते. ती ‘परिवेश’ या संकेतस्थळावर सापडते. तिच्यावर हरकत असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करायचं. उशिराचं कारण पटवून दिलं तर आणखी ६० दिवस. आपल्याला पुण्याचं खंडपीठ लागतं.

८. डीएमएफ आणि सीएसआर एकच ना?

नाही. दोघांचे खिसे वेगळे आहेत.

डीएमएफ म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ साली खनिज कायद्यात बदल होऊन ते आलं. १२ जानेवारी २०१५च्या आधीचा पट्टा असेल तर खाणवाल्याने रॉयल्टीच्या ३० टक्के, नंतर लिलावात मिळालेला असेल तर १० टक्के रक्कम जिल्ह्याच्या या निधीत भरायची. समजा एक टन कोळशाची किंमत हिशेबाला १००० रुपये धरली. कोळशाची रॉयल्टी १४ टक्के, म्हणजे १४० रुपये. जुनी खाण असेल तर त्याचे ३० टक्के, म्हणजे टनामागे ४२ रुपये निधीत. तुमच्या दारावरून दिवसाला किती टिप्पर जातात ते मोजा आणि गुणाकार करा, झोप उडेल.

हा पैसा कंपनी दान देत नाही, तो बाधितांचा हक्क आहे. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित, २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित. निदान ७० टक्के खर्च पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा प्राधान्याच्या कामांवर व्हायला हवा. तरी ग्रामपंचायतींचे ठराव कमानी आणि सिमेंट रस्त्यांचेच जास्त जातात. ठराव करताना गावातल्या हातपंपाच्या पाण्याचा तपासणी अहवाल जोडा, मग रस्ता मागायचा की शुद्धीकरण यंत्र, याची चर्चा आपोआप सुरू होते. अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रात या निधीतल्या कामांना ग्रामसभेची मान्यता लागते.

सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, हा कंपनी कायद्याच्या कलम १३५चा विषय. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. कुठे करायचा ते बऱ्याच अंशी कंपनी ठरवते. मात्र कायद्याने जे करणं भागच आहे, ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. म्हणजे मंजुरीची अट म्हणून रस्त्यावर मारलेलं पाणी ‘समाजसेवा’ म्हणून फलकावर आलं, तर फलकाचा फोटो काढून ठेवा.

९. कोळशाच्या धुळीने कापूस काळा पडतो. भरपाई मिळते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात कमी समाधानाचं उत्तर.

आमचं एक वावर सायडिंगच्या, म्हणजे कोळसा रेल्वेत भरायच्या जागेच्या, रस्त्याला लागून आहे. रस्त्याकडच्या आठ-दहा ओळींतली बोंडं फुटली की पहिल्या दिवशी पांढरी, चौथ्या दिवशी राखाडी. वेचणाऱ्या बाया संध्याकाळी हात दाखवतात, तळवे चुलीतल्या राखेसारखे. जिनिंगवर ग्रेडरने गाडीच्या वरचा कापूस पाहिला, मग हात कोपरापर्यंत आत घालून मूठभर काढला आणि काही न बोलता भाव खाली लिहिला. त्या वर्षापासून आम्ही रस्त्याकडचा कापूस वेगळा वेचतो, वेगळा विकतो. त्यामुळे बाकीच्याचा भाव वाचतो आणि शिवाय दोन पावत्या हातात राहतात. एकाच दिवसाच्या, एकाच वावराच्या, दोन भावांच्या. नुकसान किती, हे त्या दोन कागदांइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

पीक विम्यात हे बसत नाही. तो नैसर्गिक आपत्तीसाठी आहे, टाळता येण्यासारख्या नुकसानीसाठी नाही. धुळीच्या भरपाईचा एकरी ठरलेला सरकारी दरही नाही. म्हणून क्रम असा ठेवा: तहसीलदारांकडे अर्ज करून कृषी आणि महसूल खात्याचा संयुक्त पंचनामा मागा, वेचणीच्या आधी. त्याच दिवशी प्रदूषण मंडळाकडे तक्रार करा आणि हवेचं मोजमाप मागा. देशाच्या मानकाप्रमाणे पीएम १० हे सूक्ष्म कण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर जायला नकोत. मोजायचं यंत्र गेस्ट हाऊसच्या बागेत नको, तुमच्या धुऱ्यावर हवं, हे अर्जात लिहा. टिप्परवर ताडपत्री आहे की नाही, रस्त्यावर पाणी मारलं की नाही, हे रोज वहीत टिपा.

इतकं करून काही हललं नाही तर हरित न्यायाधिकरण. भरपाईचा अर्ज नुकसान पहिल्यांदा झाल्यापासून पाच वर्षांत करता येतो. शुल्क मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, किमान १००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

चंद्रपूरच्या हवेचं म्हणाल तर तो नवा शोध नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची गुणवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं होतं. या परीक्षेत नंबर येणं वाईट.

१०. ब्लास्टिंगने घराला तडे गेले. कंपनी म्हणते तुमचं बांधकामच कच्चं.

कंपनी अजून एक गोष्ट म्हणेल, आणि तिच्यात तथ्य आहे: आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खाण नसलेल्या गावातही भिंती तडकतात. म्हणून नुसता तडा दाखवून भागत नाही. तडा कधी वाढला ते दाखवावं लागतं.

साधा उपाय. तड्यावर आडवी, काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. स्फोटानंतर काच तडकली तर फोटो, वेळ आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या. वहीत रोजच्या स्फोटाची वेळ. महिन्याभरात तुमची नोंद आणि खाणीचं स्फोट-रजिस्टर समोरासमोर ठेवता येतं.

मर्यादा ठरलेल्या आहेत. खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांसाठी, कच्ची घरंही त्यात आली, जमिनीचं कंपन ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यावर १५. तेव्हा ‘बांधकाम कच्चं’ हे उत्तर होऊ शकत नाही, कच्च्या घराची मर्यादाही लिहिलेली आहे. अर्जात मागणी एकच ठेवा: कंपनमापक यंत्र माझ्या ओसरीत लावा आणि त्या दिवशी नेहमीएवढीच बारूद भरा. दुसरं वाक्य विसरू नका. खुल्या कोळसा खाणीत स्फोटाभोवती ५०० मीटरचा धोकाक्षेत्राचा नियम आहे, तुमचं घर त्यात येत असेल तर तेही लिहा. अर्ज कुठे, ते प्रश्न १ मध्ये आहे.

११. खाण खोल गेली आणि विहीर आटली. टँकर मागायचा का?

टँकर मागण्याआधी मंजुरीपत्र काढा. कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत साधारणपणे दोन अटी असतात. आसपासच्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजायची. आणि खाणीच्या उपशामुळे गावच्या विहिरी आटल्या तर गावाला पाणी कंपनीने पुरवायचं. या अटींच्या पालनाचे अहवाल दर १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यावे लागतात. त्यात तुमच्या गावच्या कोणत्या विहिरीचं नाव आहे ते बघा. एका गावात अहवालातली विहीर शोधायला गेलो, तर ती पाच वर्षांपूर्वीच बुजवून त्यावर समाजमंदिर उभं होतं. पातळी मात्र दर तिमाहीला मोजली जात होती.

स्वतःही मोजा. दोरीला दगड, दोरीवर फुटाच्या गाठी, महिन्याच्या एक तारखेला.

१२. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यामुळे पूर आमच्याकडे वळतो. आणि ढिगाऱ्यावर वाघ बसतो.

पुराचं आधी. जुलै २०२२मध्ये वर्धा नदीच्या पुराने वणी, भद्रावती, राजुरा भागातली गावं बुडाली, तेव्हापासून हा प्रश्न वाढला. नदीकाठच्या ढिगाऱ्यांसाठी बांध, भोवतीची चर, गाळ बसवायचे तलाव आणि उतारावर लागवड या अटी मंजुरीत असतात. पावसाळ्याआधी, मे महिन्यात फोटो काढून तक्रार करा. ऑगस्टमध्ये काढलेल्या फोटोत सगळीकडे पाणीच दिसतं.

वाघाचं असं की वापरात नसलेल्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजते, डुकरं येतात, मागून तो येतो. माणूस किंवा जनावर गेल्यास भरपाई वनखात्याकडून मिळते, खाणीकडून नाही. ढिगाऱ्यावरचं झुडूप काढायची मागणी मात्र खाणीकडेच करा. ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा पट्ट्याचा प्रस्ताव २००९ साली बारगळला आणि बंदर हा पट्टा २०२० साली लिलावातून मागे घ्यावा लागला, ते याच जंगलामुळे.

१३. ग्रामसभेने नाही म्हटलं की खाण थांबते का?

कोणतं खनिज आणि कोणतं गाव, यावर आहे. अनुसूचित क्षेत्रात रेती-मुरमासारख्या गौण खनिजाला पेसा कायद्याप्रमाणे (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेची आधी शिफारस लागते. म्हणजे मुरमाच्या खड्ड्याला ग्रामसभेचा शब्द लागतो, अख्ख्या लोहखनिजाच्या डोंगराला तो तसा लागत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची, लोहखनिजाच्या खाणीशेजारची माणसं यावर कडू हसतात.

वनजमीन असेल तर २००६चा वनहक्क कायदा मधे येतो. १८ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. १२ ग्रामसभांनी नकार दिला आणि केंद्राने मंजुरी नाकारली. पण २०२२च्या वनसंवर्धन नियमांनंतर केंद्राची मंजुरी आधी येऊ शकते आणि वनहक्कांचं काम राज्यावर येतं. तेव्हा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली मिळवला तसा सामूहिक वनहक्क आधीच नोंदवलेला असणं महत्त्वाचं. खाण आल्यावर दावा भरायला बसलात तर उशीर होतो.

बिगर-अनुसूचित गावात, कोळसाधारक कायद्याखाली, ग्रामसभेचा ठराव बंधनकारक नाही. तिथे प्रश्न ३मधली हरकत धरा. आणि सरपंचाने लेटरहेडवर दिलेली ‘ना हरकत’ म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे, हे कुणी कितीही ठासून सांगितलं तरी.

१४. रेतीघाटावर रात्री पोकलेन चालतं.

रात्री उपशाला मनाई आहे. पावसाळ्यात, १० जून ते ३० सप्टेंबर, उपसा बंद. महसूल संहितेच्या कलम ४८(७)खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्त. एकटे घाटावर जाऊ नका, फोन हातात घेऊन तर मुळीच नाही. घरकुलाचे लाभार्थी असाल तर ५ ब्रासपर्यंत मोफत रेतीची तरतूद आहे, तहसीलमध्ये विचारा. गोंडेगावला वेकोलिने ढिगाऱ्यातली माती धुऊन रेती काढायला सुरुवात केली, हे मला आजवर दिसलेलं सगळ्यात अकलेचं काम.

१५. नवरा खाणीत कंत्राटावर होता. खोकला जात नाही, दवाखान्यात टीबीचं औषध दिलं.

ताई, डॉक्टरांना तो कुठे काम करायचा ते आधी सांगा, बहुतेक जण सांगतच नाहीत. सिलिकोसिस आणि टीबी छातीच्या फोटोत सारखे वाटू शकतात, आणि दोन्ही एकदम असूही शकतात. टीबीचं औषध मधेच बंद करू नका. सिलिकोसिस, कोळशाच्या धुळीचा फुप्फुसविकार आणि मँगनीजची विषबाधा हे खाण कामगारांचे अधिसूचित व्यावसायिक रोग आहेत, म्हणजे निदान झालं की कळवणं बंधनकारक. कंत्राटी असला तरी कामावर घेतानाची आणि नंतरची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी होती. तिची प्रत मागा. गेटपास, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, जे असेल ते जपा. ठेकेदार बदलले की पहिली नाहीशी होते ती हजेरी.

१६. खाण संपली की जमीन परत मिळेल का?

कोळसाधारक कायद्याने गेलेली जमीन कंपनीच्या नावे होते, परत देण्याची तरतूद त्यात नाही. २०१३च्या कायद्यात पाच वर्षं न वापरलेल्या जमिनीचं कलम १०१ आहे, पण कोळसाधारक कायद्याला त्यातले मोबदला आणि पुनर्वसनाचे भागच लागू झाले, हे कलम नाही. चुनखडीसारख्या पट्ट्यात जिथे पृष्ठभागाचा हक्क फक्त भाड्याने दिलाय आणि सातबारा तुमच्याच नावे आहे, तिथे गोष्ट वेगळी. करार वाचा.

जमीन परत मिळाली नाही तरी ती नीट करून ठेवणं कंपनीवर आहे. खाणबंदीच्या आराखड्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. ऑगस्ट २००९च्या किमतीने खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला १ लाख, पुढे ते वाढत गेलं. आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मागा आणि ‘वरची काळी माती वेगळी साठवली’ हे वाक्य शोधा. मग ती माती कुठे साठवली, ते बघायला जा.

१७. आमचं घर जुन्या भूमिगत खाणीवर आहे म्हणतात. खाण तर आजोबांच्या काळातच बंद झाली. आता कुणाला धरायचं?

२६ ऑगस्ट २०२२ला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या काळातली भूमिगत खाण होती. आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली.

अंगणात गोल खळगा पडणं, बोअरचं पाणी एका रात्रीत गायब होणं, दारं अचानक चौकटीत अडकणं, जमिनीतून गरम वाफ किंवा जळका वास येणं, यातलं काही दिसलं तर आधी माणसं आणि गुरं बाहेर काढा आणि पोलीस पाटलांना, तहसीलदारांना फोन करा. अर्ज दुसऱ्या दिवशी.

जबाबदारीचं म्हणाल तर १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यात आलेल्या जुन्या खाणींचे नकाशे सरकारी कंपनीकडे आले. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत भूमिगत नकाशा गावाच्या नकाशावर टाकून मागा. घराच्या जागेचा पट्टा नसेल, अतिक्रमण म्हणून नोंद असेल, तर भरपाईत अडचण येते, म्हणून घरपट्टीच्या आणि वीजबिलाच्या जुन्यातल्या जुन्या पावत्या शोधून ठेवा. त्या घरात ठेवू नका, दुसऱ्या गावातल्या पाहुण्याकडे ठेवा.